करवलीचा उन्हाळा

होळी झाली की कोरेगावात ऊन एकदम अंगावर येतं. काल सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले आणि अनवाणी पायाला फरशी चटकली. बस्स, मला तेवढंच पुरे झालं. ओल्या कपड्यांची बादली तिथंच सोडून मी खाली आले, कपाटाच्या वरच्या कप्प्यातल्या सगळ्या सुती साड्या आणि कुर्ते काढले आणि पलंगावर पसरून बसले. लोकांना उन्हाळा आला की आंबे आठवतात, मला कपडे आठवतात. कुणाला हा उथळपणा वाटला तर वाटू दे. असल्या उन्हात दोन पोरं सांभाळत जी बाई ऐटीत घराबाहेर पडते, तिला मी मनातल्या मनात सलाम ठोकते. नवरा फौजेत असल्यामुळं सलामाची सवय घरात आहेच.

एक मलमलची साडी नाकाशी धरली. वाळ्याचा वास आणि त्याच्या आत कुठंतरी घामाचा, पावडरीचा, आमरसाचा. आणि दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा सगळाच्या सगळा माझ्यासमोर येऊन बसला. तेव्हा आरोही तीन वर्षांची होती आणि शिवा दीड. ज्यांनी हे गणित घरात सोडवलंय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. एक पळायची आणि दुसरा चिकटायचा. एक अंगावरचे सगळे कपडे काढून टाकायची आणि दुसरा माझे ओढायचा.

दुपारी बारानंतर रस्ता सामसूम. कोपऱ्यावरच्या रसवंतीच्या चरकाची घुंगरं तेवढी वाजायची. लाइट हमखास जायची ती पोरं नुकती डोळे मिटत असतानाच. शिवाच्या मानेवर घामोळ्यांची रांगोळी उठलेली, आरोहीच्या झबल्यावर कलिंगडाचं पाणी वाळून गुलाबी नकाशे झालेले. आणि मी? मी गाऊनमध्ये. लग्नाआधी साताऱ्याला कॉलेजात होते तेव्हा कानातल्याचा रंग वहीच्या कव्हराशी जुळवायची माझी ख्याती होती. ती मी, सकाळी एक गाऊन आणि संध्याकाळी दुसरा गाऊन. दारात दूधवाला आला की वरून ओढणी घ्यायची, गॅसवाला आला की तीच ओढणी, सासरचं कुणी वडीलधारं आलं की ती डोक्यावरून. महाराष्ट्रातल्या निम्म्या आया याच वेशात दार उघडतात, हे मला माहीत आहे. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण मला त्या गाऊनमध्ये मी सापडत नव्हते. आरशासमोरून जाताना मी पोरांची नाकं पुसायची, स्वतःकडं बघायचीच नाही.

अशात संग्रामचं लग्न ठरलं. संग्राम माझा धाकटा भाऊ. आम्ही दोघंच भावंडं, कुंडलला वाढलेली. वैशाखातला मुहूर्त निघाला, तोही भर दुपारचा साडेबाराचा. भावाच्या लग्नात बहिणीचा मान करवलीचा. आमच्याकडच्या बोलीत कलवरी. पाण्यानं भरलेला तांब्या, त्यात आंब्याची पानं, वर नारळ, असा करा हातात धरून तिनं नवऱ्या मुलाच्या पाठीशी उभं राहायचं. अक्षता पडेपर्यंत तो करा खाली ठेवायचा नाही. एवढंच काम. पण एवढ्या कामासाठी मी संग्राम चड्डीत फिरत होता तेव्हापासून वाट बघत होते. लहानपणी पितळी तांब्यावर बटाटा ठेवून मी त्याच्या मागं घरभर फिरायची आणि त्याला नवरदेव व्हायला लावायची. त्याबद्दल त्याला माझ्या वाटणीचा पेढा मिळायचा.

आईचा फोन आला तेव्हा मी शिवाला वरण-भात भरवत होते. आईनं आधी हॉलचं सांगितलं, आचाऱ्याचं सांगितलं, मग म्हणाली की कलवरी म्हणून पूनमला उभं करावं असं म्हणतेय. पूनम माझी चुलत बहीण, बिनलग्नाची, मोकळी. कलवरी म्हणजे शालू आला, दागिने आले, उन्हात दोन तास उभं राहणं आलं. तू लेकुरवाळी, नवऱ्याला रजा न्हाई, शालू नेसून पोरगं कसं सांभाळणार? त्यापेक्षा एखादा सुटसुटीत ड्रेस घाल आणि पंख्याखाली खुर्चीवर निवांत बस.

निवांत! मला इतका राग आला की शिवासाठी उचललेला घास माझ्याच तोंडात गेला. मी म्हटलं, आई, मी त्याची सख्खी बहीण आहे, मी उभी राहणार. त्यावर आई शांतपणे एवढंच बोलली.

“कलवरीला शोभंल असं काय नेसून, पोरगं न रडवता उभी ऱ्हाणार आसशील तर ऱ्हा. न्हाईतर करा पूनमच्या हातात.”

फोन ठेवला आणि मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले. कपड्यावरून रडतेय असं कुणाला वाटलं असतं, पण ते कपड्यावरून नव्हतं. दोन पोरं झाल्यापासून प्रत्येक घरच्या कार्यात माझी जागा ठरलेली होती, मागच्या रांगेत, पंख्याखाली, मांडीवर झोपलेलं मूल. नणंदेच्या डोहाळजेवणात तिथंच, दिराच्या वास्तुशांतीत तिथंच. आता सख्ख्या भावाच्या लग्नातही मी तिथंच बसणार होते. रात्री नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला. माझं सुजलेलं तोंड बघून तो घाबरला, मग कारण ऐकून हसला आणि मग मी फोन कापीन या भीतीनं गंभीर झाला. तो म्हणाला, महिना हातात आहे ना, मग ही मोहीम समज. फौजी माणसाला प्रत्येक गोष्ट मोहीम वाटते. पण खरं सांगते, त्या शब्दानं मला एकदम हुरूप आला.

आणि सुरू झाला माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मजेचा उन्हाळा.

आधी मी कपाट तपासलं. लग्नातला शालू काढून पाच मिनिटं नेसले. पाचव्या मिनिटाला पाठीवरून घामाचा ओहोळ सुरू झाला आणि शिवानं छातीशी गाल टेकताच जरीनं त्याच्या गालावर लाल रेघ उठली. शालू बाद. मग नव्या फॅशनची शिवलेली नऊवारी, मैत्रिणीकडून आणलेली, चकचकीत सॅटिनची. ती पायजम्यासारखी चढवायची, दिसायची झकास, पण आतून तिची भट्टी व्हायची आणि पदराला पिना इतक्या की दीड वर्षाचं पोर त्यात अडकून ओरडलं. तीही बाद. नुसता घेरदार कुर्ता आणि ओढणी घालून पाहिली. गार होतं, पण आरोहीनं ओढणीचं टोक धरून मला घरभर गाय म्हणून फिरवलं. आणि तसंही, कुर्त्यातली करवली बघून आईनं करा लगेच पूनमकडं दिला असता.

मग मलमल. हलकी, गार, पांढऱ्यावर निळी फुलं. पण मलमल अंगाला चिकटते, उभी राहत नाही. माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्या म्हणाल्या, भाताच्या पेजंची खळ दे, कडक ऱ्हातीया. मी अशी हुशार की पोरांसाठी शिजवलेल्या पेजेतली उरलेली पेज होती तीच पाण्यात कालवून साडी बुडवली. पोरांच्या पेजेत मीठ होतं, साजूक तूप होतं, वर चिमूटभर जिरेपूड. साडी कडक झाली यात शंका नाही. पण तासाभरानं बघते तर दोरीवरून लाल मुंग्यांची वरात निघालेली, थेट साडीच्या काठापर्यंत. आणि खालचं टोक शिवाच्या तोंडात. तो डोळे मिटून, मोठ्या समाधानानं माझी साडी चोखत होता. त्या दिवशी त्यानं दुपारचं जेवण केलं नाही. आत्याबाई पायरीवर बसून इतक्या हसल्या की त्यांना उचकी लागली, आणि पुढचे आठ दिवस गल्लीतली प्रत्येक बाई मला विचारून गेली की आज साडीला फोडणी कशाची दिली.

एक गोष्ट मात्र त्या उन्हाळ्यात मला पक्की कळली. लहान मूल कपड्याकडं बघत नाही, ते कपडा वापरतं. पदर म्हणजे त्याचा टॉवेल, निऱ्या म्हणजे त्याचं लपायचं घर, खांदा म्हणजे उशी, गळ्यातलं म्हणजे खुळखुळा. झोप आली की ते आईच्या साडीचा एखादा विशिष्ट काठच बोटात धरतं, दुसरा चालत नाही. आपण आरशात बघून ठरवतो की हे शोभतंय, आणि त्याला फक्त हे कळतं की हे टोचतंय की मऊ आहे, आईच्या जवळ जाऊ देतंय की नाही. दोन्ही कसोट्यांना उतरेल असं एकच वस्त्र शोधायचं होतं मला, आणि तेही वैशाखाच्या दुपारी. मी रोज नवं काहीतरी नेसून घरभर फिरायची. शिवाला उचलायची, खाली ठेवायची, वाकायची, पळायची. आरोही परीक्षकासारखी टाळ्या वाजवायची किंवा नाही म्हणून मान हलवायची. माझा गाऊन दोरीवर तसाच वाळत राहिला, आणि त्याची आठवणही मला आली नाही.

नवऱ्याला मी रोज फोटो पाठवत होते. एकदा मी तक्रार केली की काहीही नेसलं तरी अर्ध्या तासात डाग पडतात. तो म्हणाला, आमचा युनिफॉर्म बघ, सगळा डागांचाच बनवलाय, नवा डाग पडला तर कुणाला कळतंय. मी आधी चिडले, मग मला पटलं. बरोबरच होतं की. एकरंगी कपडा पोरांसमोर टिकतच नाही. हवी होती बारीक चौकडी, गडद रंग, सुती अंग. पण सुती चौकडीत करवलीचा थाट कुठून आणायचा?

तो आला आत्याबाईंकडून, पण त्यांनी काही शिकवलं वगैरे नाही. त्या त्यांच्या नादात होत्या. आम्ही संध्याकाळी उसाला पाणी लावायला रानात गेलो होतो. आरोही पाटाच्या कडेनं चालता चालता एकदम पळत सुटली, पुढं विहीर. मी कुर्त्यात, पण एका काखेत शिवा आणि दुसऱ्या हातात डबा. आत्याबाई माझ्या मागं होत्या. मला फक्त सूं असा वारा लागला आणि त्या पुढं निघून गेल्या. पासष्टीची बाई, नऊवारी इरकल, कासोटा घट्ट, पदर कमरेला खोचलेला. पाट ओलांडून त्यांनी आरोहीला दंडाला धरून उचललं, कडेवर मारलं आणि दुसऱ्या हातानं खोरं घेऊन पाटाचं पाणीही पुढच्या सरीत वळवलं. साडीची एक निरीसुद्धा हलली नव्हती. आणि, माझी मलाच लाज वाटते सांगायला, त्याही वेळी मी त्यांच्या साडीकडं बघत होते. जन्मभर मी त्या साडीला म्हाताऱ्यांची साडी समजत आले होते.

मी म्हटलं, आत्याबाई, कलवरी इरकल नेसली तर? त्या म्हणाल्या, आमच्या वक्ताला दुसरं काय हुतं गं? माझ्या नणंदेनं इरकल नेसूनच करा धरल्याला. आणि तोंडाला पदर लावून हसल्या, कारण त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

दुसऱ्याच दिवशी पोरांना त्यांच्यापाशी सोडून मी सांगली गाठली. ऊन मी म्हणत होतं, पेठेत डांबर मऊ झालेलं, चपलांना चिकटत होतं. आणि मी लग्नाच्या वयाच्या पोरीसारखी दुकानांतून भिरभिरत होते. शेवटी एका छोट्या दुकानात गादीवर ती माझ्यासमोर उलगडली गेली. गर्द जांभळ्या सुती अंगावर हिरव्या बारीक चौकड्या, रुंद लाल किनार, आणि पदर रेशमाचा, लालभडक, त्यावर पांढरे पट्टे. अंग सुती, पदर रेशमी! घामाचं सगळं काम सुताकडं आणि मिरवायचं सगळं काम रेशमाकडं. शेकडो वर्षं बायका हे नेसत आल्या आणि मी इतके दिवस डोकं खाजवत बसले होते. मी पदर गालाला घासून पाहिला. मऊ. जरीचा धागाही नव्हता. दुकानदारानं विचारलं, आजींसाठी का? मी म्हटलं, माझ्यासाठी. तो जरा चाचरला आणि मग आणखी चार साड्या काढून बसला.

ब्लाउज गल्लीतल्या शिलाईवाल्या वहिनींकडून शिवून घेतला. खणाचा, आत मऊ सुती अस्तर, बाह्या सैल, आणि पुढं पदराखाली लपणारी बटणं, म्हणजे शिवाला पाजायला आडोसा शोधत फिरायला नको. बांगड्या काचेच्या चारच. गळ्यात ठुशी, गळ्याशी घट्ट बसणारी, पोराच्या मुठीत न सापडणारी. नथ चापाची. केसांचा अंबाडा आणि मोगऱ्याचा गजरा उजवीकडं, कारण शिवा नेहमी डाव्या खांद्यावर झोपतो. इतका विचार मी बी.एस्सी.च्या परीक्षेलाही केला नव्हता.

मग तालीम. आत्याबाई मला कासोटा घालायला शिकवायच्या आणि मी रोज संध्याकाळी गच्चीवर डावीकडं शिवा आणि उजव्या तळव्यावर पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन फेऱ्या मारायची. पहिल्या दिवशी अर्धं पाणी माझ्या अंगावर. शिवाला हा खेळ वाटला, तो मुद्दाम हलायचा. पण उन्हात तापलेल्या गच्चीवर ते सांडलेलं पाणी बरंच वाटायचं, म्हणून मीही त्याला फार रागावले नाही. शेजारच्या गच्चीवरच्या बायका पापड वाळत घालता घालता मला शाबासकी द्यायच्या. आठवड्याभरात थेंब सांडायचा बंद झाला. मी आरशात बघितलं. घामेजलेली, काळवंडलेली, पण सरळ उभी. मला मी दिसले. किती दिवसांनी दिसले, सांगता येत नाही.

हळदीच्या दिवशी आम्ही कुंडलला पोचलो. आत्याबाईही सोबत होत्या. आईला मी साडी दाखवली. आईनं ती हातात घेतली, उलटसुलट केली, किनारीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, उद्या बघू. दाराआड पूनमचा गुलाबी शालू इस्त्री करून टांगलेला होता. पूनम बिचारी माझ्या बाजूनंच होती, पण तिच्या आईनं, म्हणजे काकूंनी, तिला मेंदी काढून, तयार करून ठेवली होती. मला झोप लागली नाही. पंखा गरम हवा फेकत होता.

लग्नाच्या दिवशी हॉलवरचा पत्रा नुसता तडतडत होता. माणसं पत्रिकांनी वारा घेत होती. संग्राम शेरवानीत शिजत होता, फेट्याखालून घामाच्या धारा. शालूवाल्या बायका कूलरच्या तोंडाशी एकमेकींना ढकलत होत्या. आणि मी! मला सांगायला संकोच वाटायला हवा, पण वाटत नाही. मी त्या हॉलमधली एकमेव कोरडी बाई होते. मी आत आले तेव्हा म्हाताऱ्या बायकांची एक रांग होती, ती सगळी माझ्याकडं वळली. एकीनं माझी किनार धरून बघितली. एकीनं विचारलं, कुणाची गं तू? आईचं नाव सांगितल्यावर म्हणाली, झाक दिसतीस. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आईनं करा भरला, पानं लावली, नारळ ठेवला आणि माझ्या हातात दिला. पण पूनमलाही शालूत माझ्या शेजारी उभं केलं. गरज पडली तर.

शिवा आत्याबाईंकडं झोपला होता. मंगलाष्टकांना सुरुवात झाली आणि स्पीकर असा काही किंचाळला की हॉलमधली सगळी पोरं एकदम उठली. शिवाचा आवाज मी त्या गदारोळातही ओळखला.  पहिल्या अष्टकापर्यंत मी दगडासारखी उभी राहिले. दुसऱ्या अष्टकाला आत्याबाई त्याला घेऊन पुढं आल्या, कारण तो त्यांच्या हातातून निसटायला लागला होता. लालबुंद तोंड, घामानं डोक्याला चिकटलेलं जावळ, आणि मला बघितल्यावर तर त्यानं दोन्ही हात पसरून अंगच टाकलं. मी त्याला डाव्या हातानं उचलला. काकूंनी लगेच पूनमला कोपरानं ढोसलं. पूनमचे हात कऱ्याकडं आले. रांगेतल्या सगळ्या बायका माझ्या आईकडं बघायला लागल्या, आणि मीही. शालू तर नव्हताच माझ्या अंगावर, आणि पोरगंही रडत होतं. आईनं सांगितलेली अट मोडलेलीच होती.

आई वरमाई म्हणून समोरच्या मानाच्या खुर्चीवर बसली होती. ती उठली, भटजींना वळसा घालून माझ्यापाशी आली.

“तिच्या हातातच ऱ्हाऊ दे,” ती पूनमला म्हणाली.

आणि माझ्या उजव्या कोपराखाली तिनं स्वतःचा हात लावला. करा माझ्या तळव्यावर, माझं कोपर तिच्या तळव्यावर. शिवानं माझ्या रेशमी पदरात तोंड खुपसलं, दोन हुंदके दिले आणि गप्प झाला. मग डोकं वर काढून त्यानं कऱ्यातलं आंब्याचं एक पान ओढलं आणि चघळायला लागला. पाणी जरासं हिंदकळलं आणि संग्रामच्या मानेवर पडलं. अंतरपाटाआड तो चक्क “आहा” म्हणाला. भटजींचा सूर हलला, नवरी हसली, माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. ते आईनं तिच्या पदरानं पुसलं. शालूची जर गालाला टोचली. सावधान झालं, अक्षता पडल्या, आणि मी उभी होते, करा हातात घेऊन, माझ्या भावाच्या पाठीशी. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता, हे नवऱ्याला मी सांगून टाकलेलं आहे.

जेवणं उरकून आम्ही बायका घरी आलो. वरात संध्याकाळी मारुतीच्या देवळापासून निघायची होती. माजघरात मी भिंतीला टेकून शिवाला पाजत होते, आरोही माझ्या नऊवारीच्या घोळात डोकं ठेवून घोरत होती. आई समोर बसली. सकाळपासून तिच्या अंगावर तो जड शालू. पाठ पूर्ण भिजलेली. मी म्हटलं, आई, बदल की आता. तिनं शिवाच्या पायावरून हात फिरवला. मग म्हणाली,

“तुज्या मामाच्या लग्नात तू एवढीच हुतीस, शिवाएवढी. मला शालू घेतल्याला. पर तू रडशील म्हणून मला मागं बसवलं, करा चुलत भनीच्या हातात. मला काय दिसलं न्हाई. अक्षता डोस्क्यावर पडल्या तवा कळलं लगीन लागलं.”

 महिनाभर मी समजत होते की आईला लोक काय म्हणतील याची काळजी आहे. तिच्या एकुलत्या एका भावाचं लग्न तिनं पाठमोऱ्या माणसांच्या रांगेमागं बसून काढलं होतं, आणि मूल असलेल्या बाईची जागा तीच, असं तिला तेव्हापासून वाटत आलं होतं. आणि तेव्हा तिच्या मांडीवर मी होते. मी म्हटलं, आई, मला कधी सांगितलं नाहीस. ती म्हणाली, सांगायचं काय त्यात, सगळ्याच बसायच्या.

तेवढ्यात देवळाकडून हलगी वाजायला लागली. शिवा पिणं सोडून ताठ बसला. आई उठून आतल्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा शालू अंगावर नव्हता. रोजची सुती साडी, मऊ धुतलेली, पदर कमरेला गच्च खोचलेला. गळ्यात मात्र सगळे दागिने तसेच, डोक्यात गजरा तसाच. दारात काकू ओवाळणीचं ताट घेऊन बसल्या होत्या. त्या बघतच राहिल्या आणि म्हणाल्या, आवं अक्का, निघाला कुठं? वरमाईनं दारात थांबायचं आसतंय, वरात येईस्तवर.

“तू थांब की,” आई म्हणाली. तिनं शिवाला माझ्या मांडीवरून उचलून कडेवर मारलं आणि हलगीच्या दिशेनं चालू लागली. मला आरोहीला खांद्यावर टाकून तिच्या मागं धावावं लागलं.